घरी बांधलेल्या सायकलच्या बॅटरीत कोणता फोम घालू? आग न धरणारा हवा आहे

फलटणचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापूर्वी आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सायकलला २५० वॅटची हब मोटर, म्हणजे चाकातच असणारी मोटर, बसवली. घरापासून रान साडेसहा किलोमीटर. निम्मा रस्ता डांबरी, पुढे कॅनॉलच्या कडेनं मुरूम आणि खड्डे. बॅटरीही मीच बांधली: १८६५० चे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब गोल लिथियम) ४० सेल, दहा सिरीज चार पॅरलल, ३६ व्होल्ट, १०.४ अँपिअर-अवर. आयटीआयला वायरमन केलंय, स्पॉट वेल्डर मित्राकडून आणला होता. सेल एकमेकांना चिकटवून ग्लू गननं जोडले, वरून निळी पीव्हीसी स्लीव्ह चढवली. पत्र्याच्या पेटीत पॅक हलू नये म्हणून टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम ठासून भरला. फोम पेटीला चिकटवायला पंक्चरचं सोल्यूशन वापरलं.

मागच्या आठवड्यात आण्णा म्हणाले, "चढाला मधेच गप होती, परत स्विच मारला की चालती." म्हणून पेटी खोलली.

बीएमएसच्या, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटच्या, बाजूचा फोम वितळून मेणासारखा बसला होता, बोट फिरवलं तर गुळगुळीत. बाकीचा फोम दबून निम्मा झालेला, त्यामुळे पॅक पेटीत अर्धा इंच मागंपुढं सरकत होता. दोन ठिकाणी निकेलची पट्टी वेल्डच्या ठिपक्याजवळ तुटलेली. आणि कोपऱ्यातल्या एका सेलची स्लीव्ह पेटीच्या नटाला घासून नखाएवढी गेलेली, आतलं स्टील चमकत होतं. तिथून नट जेमतेम एक मिलिमीटरवर.

ही पेटी रोज रात्री सोप्यात चार्जिंगला असायची, आण्णांच्या खाटेपासून चार हातांवर. ते दिसल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही. चार्जर काढून ठेवलाय, सायकल सध्या पायडलवरच चाललीय.

आता नवीन पॅक बांधायचाय आणि या वेळी आग धरणार नाही असाच फोम घालायचाय. माझ्यापुढे सध्या इतकं आहे: ईव्हीएची शीट, योगा मॅटसारखी. एसीवाल्याकडचा काळा नायट्राईल फोम, पाइपवर घालतात तो. चुलतभाऊ साखर कारखान्यात आहे, तो बॉयलरचं सिरॅमिक ब्लँकेट आणून देतो म्हणतोय. ऑनलाइन सिलिकॉन फोम दिसतो, पण ईव्हीएच्या कितीतरी पट महाग. शिवाय एका हार्डवेअरवाल्यानं अॅस्बेस्टॉसची शीट काढून दाखवली, म्हणाला यापेक्षा भारी काही नाही. निम्म्या मालावर "यूएल ९४ व्ही-०" असा आगीच्या परीक्षेचा शिक्का छापलेला आहे.

यातलं काय घ्यायचं? प्रत्येक सेलभोवती गुंडाळायचं की फक्त पेटीच्या आतून लावायचं? आणि इतकं गुंडाळल्यावर उष्णता आत कोंडणार नाही का?


ठाणे_ईबाइक

फोमचं नंतर बघू. आधी सेल होल्डर घ्या, ते एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे. त्यानं दोन सेलमध्ये साधारण २ मिमी फट राहते. सेलला सेल चिकटवणं ही तुमच्या पॅकमधली सगळ्यात मोठी चूक. एक तापला की शेजारच्याला थेट चटका.

जमत असेल तर सेलची केमिस्ट्रीही बदला, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या. १२ एलएफपी सेल सिरीजमध्ये म्हणजे ३८.४ व्होल्ट. मोटर तीच चालेल, चार्जर आणि बीएमएस मात्र एलएफपीचेच लागतील. पॅक जड होईल, मोठा होईल, पण एलएफपी बिथरायला, म्हणजे आपोआप तापतच जायला, आधी खूप जास्त तापावं लागतं. तोही बिथरला तर पेटणारा वायू सोडतो, त्यामुळे खाली जे कोणी सांगतील ते त्यालाही लागू.


इचलकरंजी_रिवाइंडिंग

भाऊ, पेटी खोललीस आणि चार्जर काढलास हे फार चांगलं केलंस. आता जुना पॅक घरात ठेवू नकोस. गोठ्यापासून, कडब्यापासून लांब, पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेव. तो घासलेला सेल आणि त्याच्या गटातले बाकी तीन नव्या पॅकमध्ये घेऊ नकोस, मीटरवर व्होल्टेज कितीही चांगलं दाखवू दे.

मी २२ वर्षं मोटारी रिवाइंड करतो, त्यातल्या बऱ्याच यंत्रमागाच्या. माग दिवसरात्र ठोकत असतो आणि मोटार त्याच्याबरोबर हादरत असते. माझ्याकडे आणताना सगळे एकच सांगतात, जळाली. उघडली की वेगळंच दिसतं. वेढा कुठंतरी सैल झाला, हलला, वॉर्निश घासलं, तांबं उघडं पडलं, आणि मग जळाली. तुझ्या पेटीत हेच चाललं होतं. फोम पेटलेला नव्हता, पण तो दबला, पॅकला हलायला जागा झाली आणि सेल नटाला भिडायला निघाला. उद्या तू जगातला सर्वांत महाग आग न धरणारा फोम आणलास आणि पॅक तसाच सैल ठेवलास, तर तो नट पुन्हा स्टीलपर्यंत पोचेल.

तू एकट्या फोमवर तीन कामं टाकलीस: सेल धरायचे, धक्का खायचा, आग अडवायची. असा फोम नाही. ही कामं तीन वेगळ्या वस्तूंना वाटून दे.

सेल धरायचं काम होल्डरचं. वर ठाणेकरांनी सांगितलंच आहे. चाळीसच्या चाळीस सेल होल्डरमध्ये बसवून, दोन्ही बाजूंना १ मिमीची ग्लास एपॉक्सी शीट (काचेच्या धाग्यांची कडक, वीज न वाहणारी) लावून तो सगळा एकच ठोकळा झाला पाहिजे. हातात घेऊन पिळलास तरी आत कुरकुर ऐकू येता कामा नये. निकेलची पट्टी तुटते ती सेल आपापले हलतात म्हणून. सगळा ठोकळा एकत्र हलला तर वेल्डवर ताण येत नाही.

आग अडवायचं काम अभ्रकाचं. जुन्या इस्त्रीच्या एलिमेंटमध्ये तार ज्याच्यावर गुंडाळलेली असते तोच हा मायका. साधा पांढरा मायका ५०० अंशांपर्यंत टिकतो, तपकिरी झाक असलेला ७०० पर्यंत, आणि वीज वाहत नाही. अर्ध्या मिलिमीटरची शीट मिळते, कात्रीनं कापता येते. तुझ्या चार-चारच्या दहा ओळी होतील, त्यांच्यामध्ये नऊ फटी. प्रत्येक फटीत ८० बाय ५० मिमीची एक पट्टी उभी सरकव. सेल ६५ मिमी उंच, वरखाली होल्डर थोडी जागा खातो, म्हणून ५०. एक सेल फुटला तर शेजारच्या ओळीवर थेट झोत जाऊ नये इतकंच तिचं काम. आग अजिबात पसरणारच नाही असं मी सांगणार नाही, पण पेटी उचलून अंगणात न्यायला किंवा आण्णांना बाहेर काढायला जी मिनिटं लागतात ती मिळायची शक्यता वाढते.

आता राहिलं धक्का खायचं. ते फोमचं. आणि तो फोम ठोकळ्याच्या बाहेर, ठोकळा आणि पेटी यांच्यामध्ये. सेलभोवती नाही.

याचं एक कारण तू स्वतःच विचारलंस, उष्णता. हिशेब करून बघ. तुझा कंट्रोलर चढाला १५ अँपिअर घेत असेल. चार पॅरलल, म्हणजे एका सेलला ३.७५. सेलचा आतला रेझिस्टन्स ४० मिलिओहम धर. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे एका सेलमागे अर्ध्या वॅटच्या थोडं वर आणि चाळीस सेलचे मिळून साधारण २२ वॅट. तुझ्याकडे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न असेलच. ते फोममध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत बंद करायचं आणि पेटी चैत्रातल्या उन्हात ठेवायची. चढ पाच मिनिटांत संपतो म्हणून निभावतं, नाहीतर निभावणार नाही. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. रानातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, एक तास सावलीत जाऊ दे.

दुसरी गोष्ट, फोम पूर्ण अंथरायचा नाही. ठोकळा भरेल दोन किलोचा. एवढं वजन अख्ख्या शीटवर पसरलं तर सिलिकॉनचा फोम दबतच नाही, पाटावर ठेवल्यासारखं होतं आणि खड्ड्याचा दणका सरळ सेलला बसतो. आम्ही मोटारीखाली चार कोपऱ्यांत चार रबर ठेवतो तसं कर. खाली चार चौकोन, २५ मिमी बाय २५ मिमी, १० मिमी जाडीचे. वर चार. चारही बाजूंना दोन-दोन. झाकण लावल्यावर १० चा फोम साडेसात-आठवर यायला हवा. त्याहून जास्त दाबलास तर त्यात धक्का खायची ताकद उरत नाही, कमी दाबलास तर ठोकळा उड्या मारतो. चौकोनांच्या मधल्या जागेतून हवा फिरते, उष्णता पत्र्यापर्यंत जाते.

तुला एकूण सोळा चौकोन लागतील. म्हणजे १०० मिमी बाय १०० मिमीचा एकच तुकडा पुरतो. महाग म्हणून सिलिकॉन सोडायची गरजच नाही.

सिलिकॉनच का? २०० अंशांपर्यंत तो मऊच राहतो, वितळून गळत नाही. जळालाच तर मागे पांढरी राख उरते, ती सिलिका असते आणि काही वेळ आडोसा धरते. आणि रोजच्या वापरासाठी महत्त्वाचं म्हणजे दाबून ठेवला तरी तो परत वर येतो. ईव्हीए उन्हात तापलेल्या पेटीत काही महिन्यांत बसतो, तुझ्या पांढऱ्या फोमसारखाच. पेटला तर जळते थेंब गाळतो. काळा नायट्राईल विझतो बऱ्यापैकी, साधारण १०० अंशांपर्यंत चालतोही, पण दाबाखाली बसतो आणि धूर तिखट. सोफ्यातला फोम तर पेटीच्या आसपासही नको.

व्ही-० चा अर्थ नीट समजून घे. उभ्या पट्टीला २० मिमीची ज्योत दहा सेकंद लावायची, काढायची, पट्टी दहा सेकंदांत विझली पाहिजे, पुन्हा तसंच, आणि खाली ठेवलेला कापूस पेटता कामा नये. परीक्षा चांगली आहे, पण ती काडेपेटीएवढ्या आगीची. सेल फुटतो तेव्हा झोत ६०० अंशांच्या पुढे असतो. फोमसाठी तर यूएल ९४ मध्ये एचएफ-१, एचएफ-२ अशा वेगळ्या श्रेण्या आहेत, त्यामुळे जाड मऊ फोमवर नुसतं व्ही-० छापलेलं दिसलं की मी विक्रेत्याकडे टेस्ट रिपोर्ट मागतो.

शेवटचं: पेटीला वाफ जायला वाट ठेव. १८६५० चा वायू पॉझिटिव्ह टोपीकडून सुटतो. फोमचा कुठलाही चौकोन थेट टोप्यांवर येऊ देऊ नकोस, तिथं ८-१० मिमी मोकळं सोड. पेटीला खालच्या अंगाला, चालवणाऱ्याच्या पायापासून लांब, एक भोक पाड आणि आतून पातळ टेपनं झाक. वायूला जायला जागा नसली तर पत्र्याची पेटी स्वतःच फुटते.


शिरोली_फाउंड्री_मेंटेनन्स

सिरॅमिक ब्लँकेटबद्दल सांगतो, आमच्याकडे भट्टीच्या झाकणाला रोज लागतं. आग अडवण्यात त्याला तोड नाही, नेहमीचा ग्रेड १२६० अंशांचा. पण सायकलच्या बॅटरीत उघडं घालू नका. ते कापसासारखं दिसलं तरी तंतू ठिसूळ असतात. रोजच्या हादऱ्यानं चुरा होतो, काही महिन्यांत जिथं घातलं तिथं पोकळी आणि तळाला धूळ. ती धूळ फुप्फुसात जाणं वाईट. आम्ही मास्क आणि हातमोज्यांशिवाय कापत नाही, कापल्यावर कपडे वेगळे धुतो. शिवाय ते पाणी शोषतं. कॅनॉलकाठचा रस्ता आणि पावसाळा म्हणजे ओलं ब्लँकेट बीएमएसला टेकणार.

आणि भावानं आणलेला तुकडा बॉयलरवरून काढलेला जुना असेल तर हातही लावू नका. भट्टीत तापलेलं ब्लँकेट नव्यापेक्षा घातक असतं.

अॅस्बेस्टॉस तर दुकानातच ठेवून या. आमच्याकडे एक जुने हेल्पर होते, आयुष्यभर भट्टीच्या दाराला अॅस्बेस्टॉसची दोरी बसवली. शेवटची पाच वर्षं त्यांना जिना चढता येत नव्हता. घरात, तेही वडिलांच्या खाटेजवळ, ती वस्तू नको.


फलटणचा_सायकलवाला

काका, सगळ्यांचेच खूप आभार. होल्डर आणि मायका मागवलाय. रिवाइंडिंगच्या दुकानात विचारलं तर त्यांनी "अभ्रक" म्हटल्यावर लगेच शीट काढून दिली, मी उगीच ऑनलाइन शोधत बसलो होतो.

काल संध्याकाळी अंगणात, वारा नसताना, मिळालेल्या चारही फोमच्या बोटभर पट्ट्या पकडीत धरून लायटरनं दहा-दहा सेकंद तापवल्या. खाली ताटात ओला कापूस चालणार नाही म्हणून कोरडाच ठेवला, शेजारी पाण्याची बादली. पांढरा फोम तीन सेकंदांत आक्रसला आणि पेटते थेंब टपटप पडले, कापूस पेटला. ईव्हीए जरा उशिरा, पण तसाच. नायट्राईल लायटर काढल्यावर विझला, धुरानं मात्र घसा धरला. सिलिकॉनच्या नमुन्याची फक्त कड लाल झाली, विझली आणि वर खडूसारखा पांढरा थर राहिला. बोटानं घासला तर आत फोम तसाच मऊ.

एक दुकानदार काळा फोम "सिलिकॉनच आहे" म्हणून देत होता. तोही जाळून पाहिला. काळा धूर, काळीच राख. तो घेतला नाही.

दोन प्रश्न राहिलेत. चौकोन चिकटवायला काय वापरू? आणि बीएमएस कुठं ठेवू? जुना फोम तिथंच वितळला होता.


इचलकरंजी_रिवाइंडिंग

जाळून पाहिलंस ते फार बरं केलंस. काळ्या फोमबद्दल अजून शंका असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापव, फोमला टेकव आणि परत ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे निओप्रीन किंवा पीव्हीसी. सिलिकॉनला हिरवी होत नाही. हे पण उघड्यावरच कर.

चिकटवायला पंक्चरचं सोल्यूशन बिलकूल नको, ते पेटणारं आहे. ग्लू गनही नको, चढाला पॅक तापला की ती मऊ पडते. सिलिकॉन सीलंट घे, पण न्यूट्रल लिहिलेला. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो घेऊ नकोस, तो निकेलच्या पट्ट्या आणि बीएमएसचे टाके खातो. एक थेंब पुरे, चौकोन पेटीला चिकटव, ठोकळ्याला नाही, म्हणजे ठोकळा काढता येईल.

बीएमएस ठोकळ्यापासून वेगळा ठेव. मध्ये ग्लास एपॉक्सी शीट, आणि बीएमएसची पाठ पेटीच्या पत्र्याकडे, मध्ये उष्णता पुढे नेणारं थर्मल पॅड. त्याच्यावर फोम नको. तुझा फोम वितळला कारण बीएमएसवर करंट चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटची उष्णता निघायला जागाच नव्हती.

पेटीतले सगळे नट आतून काढ. बोल्टचं डोकं आत, नट बाहेर, आणि डोक्यावर शीटचा तुकडा.

चार्जिंगचं सांगायचं राहिलं. २०२२ साली इलेक्ट्रिक स्कूटर जळायला लागल्या, त्यानंतर त्यांच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ चे सुरक्षा नियम कडक केले, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. कंपन्यांना सेलमधलं अंतर आणि एका सेलची आग पसरते का, हे दाखवावं लागतं. आपण घरी बांधलेला पॅक कोणी तपासत नाही. म्हणून तो माणूस झोपतो तिथं चार्ज करायचा नाही, कितीही चांगला बांधलेला असू दे.


फलटणचा_सायकलवाला

तीन आठवडे झाले म्हणून लिहितोय. पॅक बांधला. चाळीस सेल नवे, एकाच खेपेचे, होल्डरमध्ये. मायकाच्या नऊ पट्ट्या बसवताना दोन तुटल्या, कडा जरा गोल केल्यावर सरळ सरकल्या. पिळून पाहिलं, आवाज नाही.

सोळा चौकोन लावले. झाकण बंद करण्याआधी ठोकळ्यावर आणि पेटीच्या कडेवर मार्करनं एकच सरळ रेघ ओढली, सरकला तर रेघ तुटेल म्हणून. आण्णा रोज जाऊन येऊन १३ किलोमीटर चालवतायत. काल झाकण काढलं. रेघ जुळलेली आहे. दोन चौकोन काढून व्हर्निअरनं मोजले: झाकणाखाली ७.८ मिमी होते, काढल्यावर दहा मिनिटांत ९.७ झाले. जुना फोम काढल्यावर निम्माच राहिला होता. सगळ्या स्लीव्ह तपासल्या, कुठं घासलेलं दिसलं नाही.

चढ संपल्या संपल्या पेटीला थर्मामीटर लावला तर बाहेरून ४१ अंश, तेव्हा सावलीत ३४ होतं.

चार्जिंग आता विहिरीजवळच्या मोटारघरात, खाली फरशी, आसपास काही नाही, आणि दिवसाउजेडी. आण्णांना आधी पटत नव्हतं, इतक्या लांब कशाला म्हणत होते. मग मी त्यांना तो घासलेला सेल हातात दिला. त्यांनी अंगठ्यानं ती जागा चाचपली, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चार्जर उचलून मोटारघरात नेला.

जुने सेल डिस्चार्ज करून वाळूच्या डब्यात आहेत. सातारा-पुण्याकडे लिथियम सेल रिसायकलिंगला घेणारं कोणाला माहीत असेल तर सांगा, भंगारवाल्याला द्यायचे नाहीत.


इचलकरंजी_रिवाइंडिंग

डिस्चार्ज केलेत ते ठीक, पण वाळूत घालण्याआधी प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांना टेप लाव. आणि ती मार्करची रेघ पुसू नकोस. पाऊस संपला की परत खोलून बघ.